आधी हाक कुणी मारायची

"शेवंते, तुझ्या थोरल्या मालकिणीला जाऊन सांग, पडद्यावर नुसतं चाक फिरतंय," मी मांजराला म्हणाले.

शेवंती गॅसच्या टाकीमागं झोपली होती. तिनं एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला. तिनं उठायची काही गरज नव्हती. माझं आणि माझ्या थोरल्या जावेचं स्वयंपाकघर पाठीला पाठ लावून होतं. मध्ये एक भिंत, आणि भिंतीत वर छताजवळ विटांची जाळी. त्या जाळीतून पलीकडचं काही दिसायचं नाही, पण मांजराला सांगितलेलं सगळं नीट ऐकू जायचं.

"शेवंते," पलीकडून आलं, "तिला म्हणावं, चाक तिच्याच अंगाला अडकलं असंल. माझ्या अंगाला सगळं येळच्या येळी असतंय."

"दोघीही जरा गप्प बसा गं!" पणू ओरडली.

पणू म्हणजे प्रणोती, जाऊबाईंची नात. ती माझ्या स्वयंपाकघरात पाटावर मांडी घालून बसली होती, मांडीवर लॅपटॉप, केसात पेन्सिल खोचलेली. पडद्यावर एक गोल चाक फिरत होतं. पंधरा मिनिटं झाली तरी ते काही थांबत नव्हतं. आणि तिकडे मिरजेत नलवडेबाईंच्या पडद्यावरही तेच फिरत होतं. त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि त्यांना आमच्याकडून रुखवत हवा होता, पडद्यावर बघून ठरवायचा. त्यांनी फोन करून सांगितलं होतं, "बारापर्यंत बघते हं. नाहीतर कोल्हापूरच्या दुकानातून तयारच उचलते."

साडेअकरा होऊन गेले होते.

हा रुखवत गेला असता तर आमचं दुकान बसलंच होतं. त्या वर्षी लग्नसराई अर्धी सरली तरी आमच्याकडे एकसुद्धा रुखवत आला नव्हता. जाऊबाईंनी मोत्यांचे डबे भाचीला देऊन टाकायची भाषा सुरू केली होती. म्हणजे शेवंतीला तसं सांगितलं होतं.

कऱ्हाडात आमच्या दोघींचा रुखवत एके काळी नावाजलेला होता. मी खायचं करायची. करंज्यांचा मोर, चिरोट्यांचं कमळ, साखरेच्या पाकातली बाहुली, शेवयांचं घरटं आणि त्यात खव्याची अंडी. जाऊबाई शोभेचं करायच्या. मोत्यांची पालखी, सुपारीचे नवरा-नवरी, लोकरीची फळं, आणि प्रत्येक ताटावर झाकायला मोती ओवलेला रुमाल. माझं ताट आणि त्यांचा रुमाल अशी जोडी असायची. रुमालाशिवाय ताट म्हणजे अंबाड्याशिवाय नवरी. मग आमचा अबोला झाला आणि गिऱ्हाइकांना दोन दारं हिंडायची पाळी आली. इकडे ताट ठरवायचं, तिकडे रुमाल. माप चुकायचं, रंग चुकायचा, आणि चुकलं की मी म्हणायची रुमाल लहान, त्या म्हणायच्या ताट मोठं. गिऱ्हाईक किती दिवस ऐकून घेणार?

अबोला दहा-अकरा वर्षांचा झाला होता. लोकांना वाटतं अबोला म्हणजे बोलणं बंद. बोलणं कुठं बंद होतंय! एकमेकीला बोलायचं नाही, एवढंच. बाकी भिंतीला, तुळशीला, मांजराला बोलायला मोकळीक असते. माझं दूध उतू जायला लागलं की पलीकडून आवाज यायचा, "शेवंते, कुणाचं तरी दूध चाललंय बघ गं." मला टायफॉइड झाला तेव्हा जाऊबाई दिवसभर मांजराशी बोलत होत्या. "शेवंते, तिला सांग, दारात पेज ठेवलीया. शेवंते, तिला सांग, पेज प्यायली न्हाई तर भांडं परत देऊ नको म्हणावं." शेवंती दोघींची होती. दूध माझ्याकडे, बांगडा त्यांच्याकडे.

अबोला कुणी धरला म्हणाल तर त्यांनी. मी एक गोष्ट विचारली होती, त्यांनी उत्तर दिलं नाही. मग मीही नाही बोलले. मी का बोलावं?

पणू पुण्याची नोकरी सुटली म्हणून आजीकडे राहायला आली, आणि आठ दिवस हे मांजराचं टपाल पाहून एकदा मला म्हणाली, "धाकट्या आजी, तुम्ही दोघी जे करता ना, त्याचा मला पगार मिळायचा."

"मांजर पाळायचा?"

"निरोप पोचवायचा. एका खिडकीकडून दुसऱ्या खिडकीकडे."

मग तिच्या डोक्यात आलं की आमच्या रुखवताचं इंटरनेटवर पान करायचं. गिऱ्हाइकानं घरबसल्या ताटं निवडायची, रुमाल निवडायचे, आणि सगळा रुखवत मांडून कसा दिसेल ते पडद्यावर बघायचं. मी म्हटलं, माझं पान वेगळं कर. जाऊबाईंनीही तेच सांगितलं. पणू हसली.

"एकच पान. पण पानात दोन खिडक्या. एक तुझी, एक थोरल्या आजीची. तुझं सामान तुझ्या खिडकीत, तिचं तिच्या."

"आणि तिनं माझ्या खिडकीत हात घातला तर?"

"घालताच येत नाही. ब्राउझरचा कायदा आहे. दोन घरच्या खिडक्या एका पानात शेजारी बसल्या तरी एकीला दुसरीच्या घरातलं दिसत नाही की हलवता येत नाही. काही हवं असलं तर निरोप पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची."

मला हा कायदा फार आवडला. असा कायदा घरोघरी पाहिजे.

तिनं मला सगळं बैजवार समजावलं. गिऱ्हाइकानं माझ्या खिडकीत करंज्यांचा मोर निवडला की माझी खिडकी पलीकडे विचारणार, 'एवढ्या मापाचा हिरवा रुमाल आहे का?' त्या प्रश्नावर एक नंबर टाकायचा. पलीकडची खिडकी आपलं सामान बघून उत्तर देणार आणि उत्तरावर तोच नंबर टाकणार. म्हणजे मोराचं उत्तर कमळाला जात नाही. शिवाय निरोप आला की आधी तपासायचं, कुठल्या घरून आलाय. परक्या घरचा असेल तर केरात.

"हे बेस आहे," मी म्हटलं. "शेवंतीला हे जमत न्हाई. ती गवळ्याचं बोलणंसुद्धा घेऊन येते."

"आणि मागच्या खोलीत एक कामकरी बसवलाय. कुठलं ताट कुठं मांडलं तर टेबलावर नीट बसेल, एवढंच तो जुळवत बसतो. त्याला पुढं यायला बंदी. कुणाला दिसत नाही, कशाला हात लावत नाही. विचारलं की उत्तर देतो, मग परत गप्प."

"म्हणजे तुझ्या आजोबांसारखा."

पलीकडून जाळीतून खुदकन आवाज आला. जाऊबाईंचं हसू. मग घाईघाईनं खोकला.

शेवटी पणूनं विचारलं, "पान उघडलं की आधी एका खिडकीनं दुसरीला हाक मारायची असते. 'मी उघडलेय, तू आहेस का?' दुसरीनं म्हणायचं, 'आहे.' मग निरोप सुरू होतात. तर तुझी खिडकी—"

"माझी खिडकी आधी हाक मारणार न्हाई," मी म्हटलं. "हे आधी लिहून घे. तिकडून हाक आली तर 'आहे' म्हणंल. माणुसकी सोडलेली न्हाई मी."

पणूनं मान डोलावून तसं केलं.

माझी खिडकी झाली. मी रात्रीच्या वर्गाला जाऊन उतारवयात लिहायला-वाचायला शिकले होते, त्यामुळे प्रत्येक ताटाखाली काय काय घातलंय ते मीच लिहिलं. वेलची लिहिली, केशर लिहिलं. जाऊबाईंच्या खिडकीत मात्र नुसते फोटो. एक अक्षर नाही. सामान आहे की नाही ते सांगायलाही फोटोवर हिरवा टिपका नाहीतर लाल टिपका. मला वाटलं, मिरवायचंय हिला. पालखीचा चारी बाजूंनी फोटो काढलाय, नवरी काय लाजंल अशी पालखी.

तर असं ते पान, आणि असं ते चाक.

"आता काय झालंय ते तरी सांगशील?" मी पणूला विचारलं.

"कळत नाहीये. तुझी खिडकी एकटी तपासली तर मस्त चालते. थोरल्या आजीचीही चालते. दोघी एका पानात बसवल्या की चाक." तिनं केसातली पेन्सिल काढून दातात धरली. "आता दोघींमध्ये काय निरोप जातात ते बघते."

ती बघत राहिली. मी तिच्या खांद्यावरून बघत राहिले. जाऊबाई पलीकडे ऐकत राहिल्या असणार, कारण त्यांच्या पितळी ताटलीत मोत्यांचा आवाज थांबला होता.

"एकही निरोप नाही," पणू हळूच म्हणाली. "दोघी जाग्या आहेत. दोघी कान देऊन बसल्यात. आणि कोणीच…"

ती एकदम थांबली. मग पेन्सिल खाली पडली आणि ती हसायला लागली. अशी हसली की लॅपटॉप मांडीवरून घसरायला आला. मला वाटलं, पोरीला ताण सहन झाला नाही.

"अगं काय झालं?"

"तू मला सांगितलंस, माझी खिडकी आधी हाक मारणार नाही. बरोबर? मग पलीकडे गेले तर थोरल्या आजीनं काय सांगितलं माहितीये?"

मला माहीत नव्हतं, पण कळलं.

"मी दोघींचं लिहिलं गं बाई, दोन वेगवेगळ्या दिवशी! एकेकटी तपासताना दुसरीच्या जागी मीच हाक मारत होते, म्हणून चालत होतं. आता दोघी वाट बघतायत, दुसरी कधी बोलते. प्रलयापर्यंत बघतील!" तिनं डोळे पुसले. "एक ओळ बदलायचीय. बोला, कुणाची बदलू?"

"थोरलीची बदल," मी म्हटलं.

"शेवंते, धाकटीची बदलायला सांग," जाळीतून आलं.

फोन वाजला. नलवडेबाई. पणूनं गोड आवाजात पाच मिनिटं मागितली. फोन ठेवला आणि लॅपटॉपवरचे दोन्ही हात उचलून छातीशी बांधले.

"आता माझी एक अट. जिची खिडकी आधी हाक मारणार, त्या आजीनंही आधी बोलायचं. मांजराला नाही. सरळ. नाहीतर मी ओळ बदलत नाही. जाऊ दे तो रुखवत कोल्हापूरला."

"पणे, थट्टा बास कर."

"थट्टा नाहीये. माप चुकलं की तुम्ही भांडणार, रंग चुकला की भांडणार, आणि तेसुद्धा मांजरामार्फत. असं दुकान चालत नाही. पान कितीही चांगलं केलं तरी."

घड्याळ बाराच्या जवळ आलं होतं. मी पदर खोचला, पदर काढला. ताटावर तयार ठेवलेला करंज्यांचा मोर माझ्याकडे बघत होता. वेलचीच्या दाण्यांचे डोळे होते त्याला.

"मी का आधी बोलू?" मी शेवटी पणूला म्हटलं, पण आवाज जाळीकडे चढवूनच. "मी आधी बोलले होते की. विचार तिला. मी बोलले होते, उत्तर तिचं आलं न्हाई."

"काय बोलली होतीस?"

"इथंच उभी राहून विचारलं होतं. म्हटलं, जाऊबाई, आजपासून शाळेत बायांचा रात्रीचा वर्ग निघालाय, लिहा-वाचायचा. मी जाणार हाय. तुम्ही येताय का? एवढं विचारलं. पलीकडून हूं न्हाई की चूं न्हाई. पलीकडे बसलेली होती, मला ठाऊक होतं. मोत्यांची ताटली वाजत होती. मी म्हटलं, असू दे. हिला वाटत असंल, या वयात पाटी घेऊन चाललीय, हसं करून घेतीय. मग गेले एकटीच."

 पलीकडे ताटलीत टिक, टिक, टिक असे मोती पडले. तोंडातून एकेक काढून टाकावेत तसे.

"शेवंते," जाऊबाईंचा आवाज आला, "तिला सांग, मी व्हय म्हटलं होतं."

"कधी म्हटलं?" मी जाळीकडे बघून ओरडले.

"तवाच! तोंडात मोती होते माझ्या. मोती ओवताना तोंडात धरायची सवय हाय मला, तुला म्हाईत न्हाई व्हय? बोलले असते तर गिळले असते. मी हात वर केला. असा."

"हात मला कसा दिसंल? जाळी कुठं, तुमचा हात कुठं!"

"मग परत विचारायचं की एकदा! एकदा विचारून गप बसायचं ही कुठली रीत?"

"तुम्ही तोंड रिकामं झाल्यावर सांगायचं!"

"मी काय सांगू? मी नवी साडी नेसून पायरीवर येऊन बसले होते. पाटीसुद्धा आणली होती नातवाची. तू दार लावलंस आणि समोरनं गेलीस. पाटी काखेत, मान ताठ. माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई." आवाज जरा खाली आला. "म्हटलं, हिला मी नको असंल संगती."

मला ती संध्याकाळ आठवली. पायरीवर कुणीतरी बसलेलं होतं हे मला तेव्हाही दिसलं होतं. मी मुद्दाम बघितलं नव्हतं. मला वाटलं होतं, बघायला बसलीय, हसायला बसलीय.

आणि मग मला ते फोटो आठवले. पालखीचा चारी बाजूंनी फोटो. हिरवा टिपका, लाल टिपका. एक अक्षर नाही.

पणू हसायची थांबली होती. "प्रश्न पोचला होता," ती हळू म्हणाली. "उत्तरही निघालं होतं. वाटेत हरवलं."

"तुझ्या खिडक्यांचं असं झालं तर गं?" मी विचारलं. "उत्तर हरवलं तर?"

"थोडा वेळ थांबून त्या परत विचारतात."

"किती वेळ थांबून?"

"दोन-तीन सेकंद."

"आम्ही जरा जास्त थांबलो," मी म्हटलं.

जाळीतून पुन्हा तो खुदकन आवाज आला. या वेळी पाठोपाठ खोकला नव्हता.

मी पाटावर चढले. पाटावरूनही जाळी हाताला लागत नव्हती. घसा साफ केला. शेवंती जागी होऊन माझ्याकडे बघत होती, म्हणजे बहुतेक तिला वाटलं असावं निरोप तिच्यासाठी आहे. मी तिला हातानं बाजूला सारलं.

"जाऊबाई," मी म्हटलं. किती वर्षांनी तो शब्द त्या दिशेनं टाकला होता.  "जाऊबाई, येताय का?"

काही नाही. भिंत नुसती उभी. पणूनं लॅपटॉपकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, झालं, पुन्हा तेच.  खाली उतरावंसं वाटलं.

मग दोन-तीन सेकंद थांबले.

"जाऊबाई! येताय का न्हाई?"

पलीकडे काहीतरी ओढल्याचा आवाज आला. स्टूल असणार. स्टुलावर पाय, धाप, बांगड्या. आणि मग जाळीच्या एका भोकातून, अगदी वरच्या, जाऊबाईंचं एक बोट बाहेर आलं. बोटाला दोरा गुंडाळलेला. ते बोट वरखाली हललं. तोंडात मोती असणार.

"आलं उत्तर!" पणू ओरडली आणि तिची बोटं लॅपटॉपवर पळायला लागली.

चाक थांबलं. आधी माझी खिडकी उघडली, मग जाऊबाईंची, मग पडद्यावर एकेक ताट मांडलं जाऊ लागलं. करंज्यांचा मोर आला आणि त्याच्यावर हिरवा रुमाल आला. चिरोट्यांचं कमळ आलं आणि त्याच्याशेजारी पालखी. मागच्या खोलीतला कामकरी बरोबर जागा जुळवत होता. मिरजेहून फोन आला तेव्हा बारा वाजायला थोडा वेळ होता. नलवडेबाई म्हणाल्या, "अय्या, रुमाल ताटाला काय मापात बसलाय हो! दोघींनी मिळून केलेलं कळतं अगदी." पणूनं फोन माझ्या कानाला लावला होता.  तो रुखवत आम्हाला मिळाला.

पुढच्या सोमवारी मी जाऊबाईंच्या दारात गेले. रात्रीचा वर्ग कधीच बंद पडला होता, म्हणून मीच शिकवणार होते. त्या पायरीवर बसून होत्या. नवी साडी नेसून. नातवाच्या पाटीचा एक कोपरा फुटला होता, पण पाटी तीच.

"उशीर केलास," त्या म्हणाल्या.

पणूनं त्यांना सांगितलं होतं की आजी, जसजशी शिकशील तसतसं तुझ्या खिडकीत तूच लिहायचंस, मी टिपके काढून टाकते. जाऊबाईंनी पहिला शब्द निवडला 'आहे'. महिनाभर तोच गिरवला. 'आ'चा काना त्यांना जमेना, कललेला यायचा, पण मोत्यांसारखी अक्षरं बारीक आणि ठसठशीत. एका सकाळी त्या पणूला घेऊन बसल्या आणि आपल्या खिडकीतल्या सगळ्या फोटोंखाली स्वतःच्या हातानं 'आहे' लिहिलं. मला कौतुक वाटलं. मी भरून पावले.

दोन दिवसांनी फलटणहून एका बाईंचा फोन आला. त्यांना सुपारीचे नवरा-नवरी हवे होते, वरातीसकट, घोडा आणि वाजंत्रीही. 'आहे' लिहिलंय म्हणाल्या. आमच्याकडे नवरा तेवढा शिल्लक होता. मी जाऊबाईंची खिडकी उघडून बघितली. पालखीखाली आहे. विकून गेलेल्या तोरणाखाली आहे. जे कधीच केलं नव्हतं आणि नुसता नमुन्याचा फोटो लावला होता, त्याच्याखालीसुद्धा आहे.

मी जाळीखाली गेले.

"जाऊबाई! अहो, आता 'नाही' कधी शिकणार तुम्ही?"

पलीकडून उत्तर आलं नाही. ताटलीत मोती वाजत होते.

मी थोडी थांबले, आणि परत विचारलं.